मारुती कुठवर आलाय? (पावसाळी गप्पांचा नवा धागा)

पावसाळी_चप्पल | सोमवार, सकाळी ११:२०

नमस्कार मंडळी. गेल्या वर्षीचा पावसाळी धागा शंभरी गाठून गार पडला, म्हणून हा नवा काढते. नियम नेहमीचेच. राजकारण नको, पाककृती चालेल, आणि सासूबद्दल लिहायचं असेल तर सासू इथे सभासद नाही ना, हे आधी बघून घ्या.

सुरुवात माझ्याच फजितीने.

माझी आत्या डोंबिवलीला असते. लग्न होऊन जाऊन पंचेचाळीस वर्षं झाली, पण माहेर पंचवटीतलं, गंगेपासून हाकेच्या अंतरावर. (बाहेरगावच्यांसाठी: नाशकात गोदावरीला गोदावरी फक्त बातम्यांत म्हणतात. घरात ती गंगा, आणि घाटावर जाणं म्हणजे "गंगेवर जाणं".) पावसाळ्यात आत्याचा फोन आला की कशी आहेस, मुलं काय म्हणतात, यातलं काही नाही. पहिला प्रश्न एकच. "मारुती कुठवर?"

मारुती म्हणजे नदीपात्रात उभा असलेला दुतोंड्या मारुती. गंगापूर धरणातून पाणी सोडलं की त्याचे पाय बुडतात, मग गुडघे, कंबर, छाती. सगळं शहर त्याच्याकडे बघून ठरवतं की पूर आलाय की नुसतं पाणी आलंय.

तर काल रविवारी फोन आला तेव्हा मी इंदिरानगरात, तिसऱ्या मजल्यावर, पंख्याखाली कपडे वाळत घालत होते. घाटावर पाऊल ठेवून मला दीड वर्ष झालंय. पण "माहीत नाही" म्हणायची आमच्या घराण्यात पद्धत नाही. ठोकून दिलं, "कमरेपर्यंत आलंय गं."

दोन सेकंद शांतता. मग आत्या म्हणाली, "कमरेपर्यंत? मी आत्ता व्हिडिओ बघितला, छातीला लागलंय. तू कुठल्या मारुतीला विचारलंस, इंदिरानगरच्या?"

वर फोन ठेवताना, "तुमच्या पार्किंगात पाणी आलं की तेवढं कळव. तिथला अंदाज तुला बरोबर येईल."

तर प्रश्न असा. हवामान खात्याचे मिलिमीटर बाजूला ठेवा. तुमच्या घरी पाऊस कशाने मोजतात?

---

मेथीची_जुडी | सोमवार, सकाळी ११:२६

मी पयली!

आत्याबाईंना सभासद करून घ्या ताई. आमच्याकडे पाऊस दोरीवरच्या कपड्यांवरून मोजतात. एक दिवस ओले राहिले तर सर, दोन दिवस राहिले तर पाऊस, आणि नवऱ्याने मुलाची शाळेची चड्डी इस्त्रीने वाळवायला घेतली की झड.

सविस्तर रात्री लिहिते. माझ्या स्कूटरची कथा आहे, ती घाईत सांगण्यातली नाही.

---

काडीलावू | सोमवार, दुपारी १२:०२

मारुतीला दोन तोंडं का, हे कोणी सांगेल का? माझा अंदाज: एक तोंड गंगापूर धरणाकडे, किती सोडताय ते बघायला. दुसरं खाली पैठणच्या जायकवाडी धरणाकडे, किती पोहोचलं त्याची पावती घ्यायला.

(आता पैठणकर येतील. मी चहा ठेवतो.)

---

पैठणकर | सोमवार, दुपारी १२:१५

आलो. चहा माझाही ठेवा.

तुम्ही लोक मारुती छातीपर्यंत बुडाला की व्हिडिओ काढता, आम्ही तोच व्हिडिओ बघून हात जोडतो. तुमचं गंगापूर धरण साडेपाच टीएमसीच्या (टीएमसी म्हणजे अब्ज घनफूट) आसपास. आमचं जायकवाडी शंभराच्या वर. म्हणजे तुमचा तांब्या भरून वाहायला लागला की आमच्या पिंपाच्या बुडाला ओल येते. तेव्हा मारुतीची कंबर, छाती यावर आमचा विश्वास नाही. नांदूर मध्यमेश्वरच्या बंधाऱ्यावरून किती सोडलं, तेवढं सांगा.

आमच्याकडचं मोजमाप माझ्या वडिलांचं. ते रोज सकाळी पेपरातला धरणसाठ्याचा चौकोन बघतात. टक्का वाढला तर चहात साखर जास्त मागतात. डॉक्टरांनी साखर बंद केलीय, त्यामुळे आई पावसाळ्यात पेपर लपवते.

---

पावसाळी_चप्पल | सोमवार, दुपारी १२:२१

@पैठणकर, नियम क्रमांक एक! पण पेपर लपवणाऱ्या आईंना दंडवत.

---

गणिताचे_सर | सोमवार, दुपारी १:४०

थोडं आकड्यांत. सगळे "इतके हजार क्युसेक सोडले" म्हणतात, पण ते डोळ्यांपुढे कुणाच्याच येत नाही. एक क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट पाणी, लिटरमध्ये २८.३. दहा हजार क्युसेक सोडले म्हणजे सेकंदाला २ लाख ८३ हजार लिटर. सोसायटीत येतो तो दहा हजार लिटरचा टँकर धरा. तसे अठ्ठावीस टँकर. दर सेकंदाला.

आणखी एक. धरणातून सोडलेला आकडा आणि होळकर पुलाखालचा आकडा वेगवेगळे असतात. खालचा बऱ्याचदा मोठा. लोकांना वाटतं कोणीतरी खोटं बोलतंय. तसं नसतं. मधल्या पट्ट्यात पडलेला पाऊस आणि शहरातले नाले त्यात मिसळतात. त्यामुळे धरणातून थेंब सोडला नसेल तरी शहरात धो धो कोसळला तर मारुतीचे पाय भिजू शकतात.

---

मेथीची_जुडी | सोमवार, दुपारी १:४८

सर, सेकंदाला अठ्ठावीस टँकर? आमच्या सोसायटीत मे महिन्यात आठवड्याला एक यायचा, तोही अर्धा. सेक्रेटरी शिडीवर चढून काठी बुडवून बघायचे. मोजमापाची पद्धत म्हणून नोंद घ्यावी.

---

दूरदेशी | सोमवार, दुपारी ३:१०

इकडे मेलबर्नला हिवाळा चाललाय, तुमचे धागे वाचून पोटात कालवाकालव होते.

आमची आई दर पावसाळ्यात फॅमिली ग्रुपवर मारुतीचा फोटो टाकते. "आज गंगेला पूर. काळजी घ्या." (मी मेलबर्नला काय काळजी घेऊ?) तीन वर्षं मी घाबरून लगेच फोन केला. चौथ्या वर्षी लक्षात आलं की डाव्या कोपऱ्यात लाल रेनकोट घातलेला एक माणूस आहे, हातात केळी. गेल्या वर्षीही होता. त्याच्या आदल्या वर्षीही होता. तीच केळी. फोटो २०१९ च्या ऑगस्टमधला निघाला.

आईला म्हटलं तर म्हणाली, "मग काय झालं? पाणी तेवढंच आहे." आता आम्ही भावंडं फोटो आला की पुराचं विचारत नाही, "केळीवाले काका बरे आहेत ना?" एवढंच लिहितो. आई चिडते.

---

जुना_वाडा | सोमवार, सायंकाळी ५:३०

मुलांनो, तुमचे व्हिडिओ वगैरे ठीक. १९६९ चा पूर मी पाहिलाय. मी नऊ वर्षांचा होतो. तेव्हा मोठी माणसं एकमेकांना एवढंच विचारायची, "नारोशंकराच्या घंटेला लागलं का?" घंटेला पाणी लागलं म्हणजे महापूर, त्याच्या खाली सगळं किरकोळ. (ती देवळातली घंटा पोर्तुगीजांची, चिमाजीअप्पांनी १७३९ साली वसई जिंकली तेव्हाची, असं आमचे आजोबा सांगायचे. त्यांना कशावरूनही वसईला जायची सवय होती.)

आमचा वाडा उतारावर. खालचा चौक भरायला लागला तशी वडिलांनी लोखंडी ट्रंकेतली कागदपत्रं माडीवर नेली. आईने लोणच्याच्या बरण्या नेल्या. चार बरण्या, एकेक छातीशी धरून, चार खेपा. वडील ओरडत होते, "अगं, जीव महत्त्वाचा की कैरी?" ती काही बोलली नाही.

पुढचे तीन दिवस आम्ही अकरा माणसं माडीवर होतो. भात आणि लोणचं, लोणचं आणि भात. वडिलांनी सगळ्यात जास्त खाल्लं. आणि त्या कागदपत्रांचं म्हणाल तर पुढे त्याच कागदांवर भाऊबंदकीचा दावा लढलो आणि हरलो. आई जाईपर्यंत दर पावसाळ्यात लोणच्याची बरणी पुसताना वडिलांकडे एकदा बघायची. बस.

---

पावसाळी_चप्पल | सोमवार, सायंकाळी ५:४४

काका _/\_ . बरण्या धरून चार खेपा. आता मला घरात कैरीचं लोणचं उरलंय का ते बघावं लागणार.

---

भांडीबाजार | सोमवार, रात्री ९:१५

दुकान बंद करून आत्ता बसलो. काकांच्या बरण्यांवरून आठवलं.

आमचं दुकान आजोबांपासून भांडी बाजारात. आमचं मोजमाप दुकानाच्या पायऱ्या. पहिल्या पायरीला पाणी लागलं की वडील चहा सांगतात. दुसरीला लागलं की खालची पिंपं, घंगाळी माळ्यावर. तिसरीला शटर ओढायचं, गल्ल्यावरची लक्ष्मीची तसबीर पिशवीत आणि चालायला लागायचं. २००८ ला तिसरीपर्यंत गेलो होतो.

२ ऑगस्ट २०१६ ला पायऱ्या मोजायला सवडच मिळाली नाही. आम्ही सगळे पुढे, नदीच्या बाजूला बघत उभे. वडिलांचा चहासुद्धा आला होता. आणि पाणी आलं मागून, सरस्वती नाल्याच्या अंगाने. वडील म्हणाले, "अरे, हे कुठून?" तोवर ग्लास हातात आणि पाणी पोटरीला.

त्या दिवशी मी एक शास्त्र शिकलो, ते कुठल्या कॉलेजात शिकवत नाहीत. पातेलं सरळ राहिलं तर होडीसारखं लांब जातं. परात ऐटीत निघते आणि दहा हातांवर कलंडते. झाकण घट्ट बसलेले डबे म्हणजे सगळ्यात सुखी प्रवासी. तवे जागचे हलत नाहीत, बसून गंजतात. कुकर हलत नाही, पण शिट्ट्या सगळ्या जातात. पुढे महिनाभर आम्ही बिनशिट्टीचे कुकर घेऊन बसलो होतो.

खरी गोष्ट पुढे आहे. पाणी ओसरल्यावर आठेक दिवसांनी एक आजीबाई आल्या, टाकळीकडून. पिशवीतून स्टीलचा पाच किलोचा डबा काढला. "याच्यावर नाव घालून द्या." मी डबा उलटा केला. बुडाला वडिलांच्या अक्षरात मार्करने आमची खूण. (प्रत्येक दुकानदाराची खरेदीची किंमत लिहायची एक गुप्त लिपी असते. विचारू नका, सांगणार नाही.) म्हणजे डबा आमचाच. मी वडिलांकडे बघितलं, वडिलांनी डब्याकडे.

"कुठून घेतला, आजी?"

"घेतला नाही बाबा, आला. दाराशी येऊन थांबला. गंगामाईने दिला."

आता गंगामाईने दिलेल्यावर आपण काय बोलणार? वडिलांनी मशीन पुढ्यात ओढलं. "नाव काय घालू?"

आजीबाईंनी बराच विचार केला. म्हणाल्या, "गंगामाईकडून सप्रेम भेट. आणि खाली तारीख."

वडिलांनी स्वतः घातलं, एकेक अक्षर सावकाश. आजींनी कनवटीचे पैसे काढले तर म्हणाले, "असू द्या. आहेराच्या भांड्याला आम्ही नाव घालायचे पैसे घेत नाही."

त्या गेल्यावर मी म्हटलं, "दादा, डबा आपला होता." ते म्हणाले, "माहितीये. म्हणून तर तारीख बरोबर घातली."

---

मेथीची_जुडी | सोमवार, रात्री ९:३१

हसू की रडू. वाचनखूण साठवली.

---

दूरदेशी | सोमवार, रात्री ९:३३

कुकरच्या शिट्ट्या कुठे गेल्या असतील? जायकवाडीत?

---

पैठणकर | सोमवार, रात्री ९:५०

म्हणूनच आमच्या धरणाचा आवाज येतो. पाणी पाठवा, शिट्ट्या नकोत.

---

निफाडचा_गारठा | सोमवार, रात्री १०:२०

तुम्ही मारुतीची कंबर बघा, आम्ही नाकाने मोजतो.

उन्हाळ कांदा चाळीत भरून ठेवलाय. भाव येईल या आशेवर. बाहेर झड लागली की मी सकाळी तोंडही न धुता चाळीच्या पडत्या वाऱ्याच्या बाजूला जाऊन उभा राहतो आणि वास घेतो. कोरडा वास आला तर पाऊस बरा आहे. आंबूस आला की पाऊस जास्त झाला. मिलिमीटर काही का असेना. आत एक कांदा सडला की त्याचं पाणी खालच्या दहांना लागतं, आणि वरून बघितलं तर सगळं लालचुटुक.

मागच्या वर्षी नेमकी मला सर्दी. आठ दिवस नाक बंद. म्हणून पोराला वास घ्यायला धाडायचो. तो जायचा, मोबाइलमधून मान न काढता परत यायचा, "पप्पा, कायबी नाही." नवव्या दिवशी नाक उघडलं तर मला घरातूनच वास आला. बायको म्हणाली, "मला चार दिवसांपासून येतोय. मला वाटलं तुम्हाला माहितीये." आता या घरात कुणाला काय म्हणावं? चार दिवस निवडत बसलो, अंगाचा वास साबणाने जाईना. मळ्यात ट्रॉली रिकामी करून आलो तर कुत्रंसुद्धा जवळ येत नव्हतं.

एक विनंती. "काय मस्त पाऊस, गरमागरम कांदाभजी" असा फोटो टाकणाऱ्यांनी खाली एवढंच लिहावं की भजीतला कांदा काय भावाने घेतला. म्हणजे आम्हालाही मस्त वाटायचं की नाही ते ठरवता येईल. आणि ऑक्टोबरात द्राक्षाची छाटणी झाल्यावर असाच पडला तर महिनाभर मला कुणी टॅग करू नका. आधीच सांगून ठेवतो.

---

काडीलावू | सोमवार, रात्री १०:३४

दुपारी भजी खाल्ली. कांदा बायकोने आणला होता, भाव विचारायची हिंमत नाही. फोटो काढून टाकला आहे.

---

पासधारक | सोमवार, रात्री ११:०५

पंचवटी एक्सप्रेस १९७५ पासून धावतेय. त्यातली एकवीस वर्षं मी आत बसलेलो आहे. आमचं मोजमाप: बॅगांतून काय बाहेर येतं.

परतीच्या गाडीला पाऊस थोडा असेल तर कल्याणनंतर शेंगदाणे फिरतात. आसनगावला गाडी रखडली की चिवड्याची पुडी फुटते. कसाऱ्याला मागून बँकर, म्हणजे जास्तीचं इंजिन लागतं, घाट चढायला. ते लागूनही गाडी हलली नाही की कुणाच्या तरी घरी न्यायचे पेढे निघतात. आणि केक फुटला तर समजायचं की घाटात दरड आहे.

केक खरंच फुटलाय. आमच्यातल्या एकाने दादरहून मुलाच्या वाढदिवसाला घेतला होता, मांडीवर धरून बसला होता. साडेनऊ वाजले, गाडी कसाऱ्यातच. बाळ तिकडे टोपी घालून बसलेलं. साडेदहाला त्याच्या आईचा फोन आला की तो झोपतोय, आता राहू द्या. बाप काही बोलेना. मग आमच्यातल्या सगळ्यात म्हाताऱ्या काकांनी फोन हातात घेतला, स्पीकरवर टाकला, आणि अख्ख्या डब्याने त्या पोराला वाढदिवसाचं गाणं म्हटलं. बेसूर. पलीकडून पोरगं ओरडलं, "बाबा, केक कोण खातंय?"

खरं सांगायचं तर बहात्तर जण खात होते. प्रत्येकाला बोटभर. दुसऱ्या दिवशी वर्गणी काढून दुप्पट मोठा केक दिला, आणि त्या दिवशी गाडी वेळेवर होती. ते पोरगं आता इंजिनीअरिंगला आहे, आमच्याच डब्यातून अपडाउन करतं. वाढदिवसाला स्वतःच दोन केक आणतं, एक डब्यासाठी.

---

जुना_वाडा | मंगळवार, सकाळी ६:१०

पहाटे गंगेवर जाऊन आलो. पाणी ओसरतंय. मारुतीच्या गुडघ्याच्या खाली. तरी चार कार्टी पुलाच्या कठड्यावर चढून उड्या मारायच्या बेतात होती. मी काठी आपटली. पाण्यात पडायची एवढी हौस असेल तर रंगपंचमीला रहाडीत (रंगाच्या पाण्याच्या हौदात) धप्पा मारा, तिथे बाहेर काढायला माणसं असतात. एक म्हणाला, "आजोबा, तुम्ही नाही का मारली कधी?" मारली होती. पण त्याला कशाला सांगू?

---

मेथीची_जुडी | मंगळवार, दुपारी २:१५

काल रात्री लिहिणार होते, भांडीबाजारांची गोष्ट वाचून बोटंच चालेनात. आता ऐका.

गेल्या पावसाळ्यातला बुधवार. गंगेवर बुधवारचा बाजार. मी स्कूटर लावली गौरी पटांगणाच्या बाजूला, म्हटलं पाच मिनिटांत मेथी घेऊन येते. (नाशिककरांनो, ओरडू नका. आपण सगळेच तिथे लावतो आणि दुसऱ्याची वाहून गेलेली गाडी व्हिडिओत बघून "लोकांना अक्कल नाही" म्हणतो.) पाच मिनिटांचं काम, मैत्रीण भेटली. मग तिची जाऊबाई भेटली. भोंग्यावर सूचना चालू होती, पण बाजारात भोंगा कोण ऐकतं? मला वाटलं भोपळ्याची जाहिरात.

परत आले तर मी लावली होती तिथे पाणी. पोटात गोळा. वर बघते तर माझी स्कूटर कठड्याला उभी, दोरीने करकचून बांधलेली. सीटवर एक मेथीची जुडी ठेवलेली. कोणी बांधली, कोणाला माहीत नाही. सोडवायला मला वीस मिनिटं लागली, एवढ्या गाठी.

पुढच्या बुधवारी दोरी धुऊन, गुंडाळी करून घेऊन गेले. विचारत विचारत एका भाजीवाल्या मावशींपर्यंत पोहोचले. म्हटलं, "मावशी, तुमचे उपकार." त्या म्हणाल्या, "उपकार राहू दे. ती माझ्या ताडपत्रीची दोरी. तुझी गाडी बांधली आणि माझी ताडपत्री उडून गंगेत गेली. मेथी सगळी भिजली. म्हणून ती जुडी तुझ्या गाडीवर ठेवली, विकायच्या लायकीची नव्हती."

मी नवीन ताडपत्री घेऊन दिली. तेव्हापासून दर बुधवारी मेथी त्यांच्याकडूनच. भाव जास्त लावतात, मला माहीत आहे, त्यांनाही माहीत आहे. आयडी का बदलली ते आता कळलं असेल.

---

काडीलावू | मंगळवार, दुपारी २:२३

मग उद्या बुधवार आहे. गटग करू या का? बाजारात भेटू, मग मिसळ.

---

गणिताचे_सर | मंगळवार, दुपारी २:३०

मिसळ कुठली?

---

भांडीबाजार | मंगळवार, दुपारी २:३१

झालं. आता पुढचे चाळीस प्रतिसाद यावरच. मी आधीच सांगतो, काळ्या रश्श्याची, आणि पापड वेगळा मागावा लागत नाही अशी.

---

निफाडचा_गारठा | मंगळवार, दुपारी २:४०

चुलीवरची. शहरातली खाऊन मग घरी येऊन जेवावं लागतं.

---

पासधारक | मंगळवार, दुपारी २:४४

मला जमणार नाही, गाडीत असेन. माझ्या वाटचा पाववडा कोणीतरी खा आणि वर्णन लिहू नका.

---

पावसाळी_चप्पल | बुधवार, रात्री ८:५०

वृत्तांत. आम्ही चौघंच जमलो. मिसळ कुठली यावर एकमत झालं नाही म्हणून शेवटी चहा आणि पाववडा खाल्ला. (सॉरी पासधारक.) मेथीवाल्या मावशींनी मलाही जास्त भावाने मेथी दिली.

पण खरी गंमत पुढे. मला वाटलं, आज आपण प्रत्यक्ष गंगेवर उभे आहोत, आत्याला व्हिडिओ कॉल लावू आणि रविवारचं उट्टं काढू. सकाळपासून पुन्हा पाणी सोडल्याची बातमी होतीच. लावला. मारुती दाखवला. म्हटलं, "बघ. स्वतःच्या डोळ्यांनी बघून सांगते. पोटरीपर्यंत."

तिने मारुतीकडे बघितलंच नाही. म्हणाली, "डावीकडे फिरव. अजून. तिथे पायऱ्या असतील बघ, तिसरी जरा फुटकी. आम्ही तिथे गोधड्या धुवायचो." मी फिरवला. पायऱ्या दिसेनात, मधे भाजीचा एक टेम्पो उभा.

"तो कोणाचा टेम्पो? हलवायला सांग."

मी म्हटलं, "आत्या, तुला पायऱ्या बघायच्यात म्हणून टेम्पो हलवायला सांगू?"

"पायऱ्या राहू दे गं. पाणी चढतंय. सांग त्याला."

ड्रायव्हर शेजारीच तंबाखू मळत उभा. मी भीत भीत सांगितलं की डोंबिवलीहून माझी आत्या म्हणतेय. त्याने हात झटकले, फोन माझ्या हातातून घेतला आणि विचारलं, "मावशी, अजून दहा क्रेट उतरवायचेत. मारुती कुठवर आला की हलवू?"

आत्या म्हणाली, "आत्ता कुठाय?"

तो वळून नीट बघून म्हणाला, "पोटरीला."

"मग पाच क्रेट उतरव आणि निघ."

---

मेथीची_जुडी | बुधवार, रात्री ८:५८

मी साक्षीदार. पण ताई, शेवट अर्धवट का सांगितलात? तो निघाला की नाही?

---

पावसाळी_चप्पल | बुधवार, रात्री ९:०४

सहा उतरवले. आत्या मोजत होती.